संकराचा आंबा

‘संकर’ हा शब्द आपल्याकडे बहुधा नाक मुरडूनच उच्चारला जातो. ज्याला स्वतःचें कूळ नाहीं, तो संकराचा, अशी आपली समजूत. परंतु एका वृक्षानें ही समजूत मला तपासून पाहावयास लाविलें.

रेवसला आमच्या परसांत आजोबांच्या हातचा एक हापुस वठून गेला. त्या जागीं वडिलांनीं ‘रत्ना’चें कलम लाविलें. आजोबांना तें रुचलें नाहीं. “राजाच्या आसनावर हा मिश्र कुळाचा कशाला?” असें ते म्हणाले. त्यांचें दुःख खोटें नव्हतें. हापुसाच्या सुवासाची सर दुसऱ्या कोणास यावयाची नाहीं.

तथापि या राजाच्या ठायीं दोन दोष आहेत. तो बहुधा एक वर्षाआड भरून फळतो. आणि त्याला साका असतो. वरून फळ सुंदर, परंतु कापावें तों कोयीभोंवतीं फिकट, आंबट, भुसभुशीत गर! बाहेरून हें कळत नाहीं. पेटींत अशीं दोनचार फळें निघालीं कीं गिऱ्हाईक दुरावतें आणि बागाईतदाराचे वर्षाचे कष्ट फुकट जातात.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रांत यावर उपाय झाला. दक्षिणेकडील ‘नीलम’ लहान फळाचा व उशिरां पिकणारा, पण दरवर्षीं नेमानें फळणारा. नीलम आई व हापुस बाप, असा संकर करून कोंकण कृषि विद्यापीठानें १९८१ सालीं ‘रत्ना’ प्रसिद्ध केला. आंब्याच्या एका मोहोरांत शेंकडों फुलें. त्यांतील पुष्कळशीं नुसतीं नर, उभयलिंगी थोडीं. अशा चिमुकल्या फुलांतील स्त्रीकेसरावर दुसऱ्या झाडाचे पराग हातानें ठेवावयाचे. इतकें करूनही बहुतेक फळें कोंवळेपणींच गळून जातात. केवढी ही चिकाटी!

रत्नाचें फळ हापुसाहून थोरलें, गर गडद नारिंगी व बिनरेषांचा. साका मुळींच नाहीं. पुढें रत्नाचा हापुसाशीं पुन्हां संकर होऊन १९९२ सालीं ‘सिंधू’ निघाला. त्याची कोय तर अगदीं पातळ.

आतां गंमत पाहा. रत्नाची कोय पुरून रत्ना उगवत नाहीं. रोप आईबापांचे गुण निराळ्याच रीतीनें वांटून घेतें. म्हणून कलमच बांधावें लागतें. पण हापुसाचेंही तसेंच आहे! त्याचें नांवदेखील ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नांवावरून आलेलें. ज्याला आपण शुद्ध कूळ म्हणतों, तेंही कलम बांधणाऱ्या हातांनींच पिढ्यान् पिढ्या राखिलेलें आहे.

बालमित्रहो, उत्तम गुण नुसत्या जन्मानें टिकत नाहींत. प्रत्येक पिढीस ते जोपासणारा कोणी तरी लागतो.