उन्हाचीही वाटणी

मालवणजवळच्या वडिलोपार्जित जागेत आम्हा दोघा भावांची आणि बहिणीची घरे एका ओळीत उभी राहत आहेत. जोते झाले, चिऱ्यांच्या भिंती खिडक्यांच्या वर गेल्या. मृगाआधी कौले चढायला हवीत.

दोन घरांत एकच सामाईक भिंत ठेवली. चिरे वाचले, मधल्या घराच्या दोन बाजू उन्हातून सुटल्या. पण पश्चिमेचे टोक बहिणीच्या वाट्याला आले आणि दुपारनंतरचे सगळे ऊन तिकडेच. ती काही बोलली नाही. अम्मी मात्र म्हणाली, “हिस्सा दिलात, मग ऊन तिच्या एकटीच्याच माथी का?” तेव्हा पश्चिमेला रुंद पडवी ठरली, खर्च तिघांचा.

दक्षिणेच्या उतारावर सौर पॅनेल बसतील. २०२४च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पण भिंत तापलीच नाही, तर पंख्याला वीजही कमी लागते.

घराची वाटणी करणाऱ्यांनी फूट-इंचांबरोबर ऊन-सावलीही मोजावी. नकाशावर समान दिसणाऱ्या खोल्या मे महिन्यात समान राहत नाहीत.