बँक म्हणजे बाकडं!

मुलांनो, शिक्षकांना सगळं येतं, असं तुम्हांला वाटतं ना? लहानपणी मलाही तसंच वाटायचं. पुढे डी.एड. करून मीच शिक्षिका झाले, तेव्हा कळलं, की बाईसुद्धा चुकतात! माझ्या अशाच एका चुकीची गोष्ट आज तुम्हांला सांगते. ती एका छोट्याशा इंग्रजी शब्दाची गोष्ट आहे. इंग्रजीत त्याला अवघी चार अक्षरं, आणि तुमच्या अगदी ओळखीचा. शब्द आहे, बँक.

जून संपत आला होता. गावात पेरण्यांची घाई चालली होती. चौथीच्या वर्गात मी फळ्यावर वाक्य लिहिलं, 'द बोट इज नियर द बँक.' इथे बोट म्हणजे हाताचं बोट नव्हे, पाण्यातली नाव, हे सांगून झालं. मग विचारलं, "आता सांगा, बँक म्हणजे काय?"

"पैसे ठेवतात ती!" दोघी-तिघी एकदम ओरडल्या.

मग नाव पैशांच्या बँकेजवळ कशी गेली, असं मी विचारणार, एवढ्यात खिडकीपाशी बसणाऱ्या एका मुलाने हात वर केला. त्याचं नाव सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही. हा मुलगा मुळातच कमी बोलणारा. त्यातून आदले दोन दिवस शाळेत आला नव्हता. तो उभा राहून म्हणाला, "बाई, बँक म्हंजे बाकडं."

सगळा वर्ग खो खो हसला. आणि खरं सांगते, मलाही हसू आवरलं नाही. वर मी म्हटलं, "अरे, बाकड्यावर कुणी पैसे ठेवतं का?" मग तर काय, हसण्याला पूरच आला. तो गुपचूप खाली बसला. 'इथे बँक म्हणजे नदीचा काठ,' असं सांगून मी धडा पुढे नेला.

त्यानंतर तीन-चार दिवस त्याचा हात वर झाला नाही. पाढे म्हणताना ओठ हलायचे, पण आवाज यायचा नाही. मला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं. शेवटी मधल्या सुट्टीत त्याच्या चुलत बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "बाई, तो काकांसंगं तालुक्याला गेलता, पीककर्जाला. एक दिस सातबारा कमी पडला, एक दिस फोटो. दोन्ही दिस ते बँकेत बाकड्यावरच बसून होते."

माझ्या पोटात खड्डा पडला. बिचाऱ्याने चुकीचं काय सांगितलं होतं? काउंटरच्या आतली बँक त्याला दिसलीच नव्हती. त्याने जी बँक पाहिली, तीच सांगितली.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तालुक्याच्या वाचनालयात गेले. काठ आणि पैसे, एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आले कुठून, ते मला पाहायचं होतं. तिथला जाडजूड इंग्रजी शब्दकोश उघडला. शब्द कुठून आला, ते त्यात दिलेलं असतं. वाचलं, आणि मी चाटच पडले!

फार पूर्वी, इटलीतल्या फ्लॉरेन्स, व्हेनिस अशा शहरांत सराफ भर बाजारात बसायचे. वेगवेगळ्या राज्यांची नाणी बदलून द्यायचे, व्याजाने पैसे द्यायचे. त्यांची पेढी म्हणजे काय? तर समोर मांडलेलं एक लांबट बाक! इटालियन भाषेत त्याला म्हणतात 'बांको' किंवा 'बांका'. तोच शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि झाला बँक. पुढे इंग्रजांबरोबर तो आपल्याकडे आला. १८४० साली मुंबईत 'बँक ऑफ बॉम्बे' सुरू झाली, तेव्हा त्या नावात इटलीतल्या बाजारातलं एक बाकडं लपलेलं होतं!

या बाकाची पिलावळही मोठी आहे बरं का. धंदा बुडाला, दिवाळं निघालं, की इंग्रजीत 'बँकरप्ट' म्हणतात. त्यामागे इटालियन शब्द आहेत 'बांका रोत्ता', म्हणजे मोडलेलं बाक. मोठ्या मेजवानीला 'बँक्वेट' म्हणतात, तेही मुळात छोटं बाकच. जुन्या जहाजांत वल्हेकरी ज्या बाकांवर ओळीने बसत, त्यांनाही बँक म्हणत. त्यावरून एका ओळीत बसवलेल्या बटणांनाही बँक म्हणू लागले. रक्तपेढीला 'ब्लड बँक' म्हणतो, तिथे पैसे नसतात, पण जपून ठेवणं आणि गरजेला देणं तेच असतं.

आणि नदीचा काठ? त्याची वाट निराळी. हजार वर्षांहून पूर्वी डेन्मार्क, नॉर्वेकडचे लोक इंग्लंडमध्ये येऊन राहिले. त्यांच्या बोलीतला हा शब्द, अर्थ मातीचा उंचवटा. त्यावरून नदीचा काठ, त्यावरूनच साचलेल्या बर्फाचा ढीग. विमान वळताना एका अंगाला कलतं, त्यालाही बँक म्हणतात, कारण ते काठाच्या उतारासारखं तिरपं होतं. गंमत म्हणजे हा उंचवटा आणि ते बाक, दोघांची खापरपणजी एकच, असं भाषेचे अभ्यासक सांगतात. एक घराणं उत्तरेकडून आलं, दुसरं इटली फिरून आलं, आणि इंग्रजीत दोघांची पुन्हा गाठ पडली.

पण खरी मौज पुढेच आहे. आपला 'बाक' शब्द कुठला? तो पोर्तुगिजांकडून आला! त्यांनी १५१० मध्ये गोवा घेतला, पुढे वसईही त्यांच्याकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, हे तुम्ही इतिहासात वाचलं असेल. पोर्तुगीज गेले, पण चावी, पगार, बिजागरी, लिलाव असे त्यांचे कितीतरी शब्द मराठीत राहिले. त्यांतलाच हा बाक. पोर्तुगीज भाषेत 'बांको' म्हणजे बाक आणि 'बांको' म्हणजेच बँक! म्हणजे बँक आणि बाकडं ही चक्क भावंडं निघाली.

तेव्हा सांगा, त्या दिवशी वर्गात बरोबर कोण होतं?

सोमवारी मी हे सगळं वर्गाला सांगितलं. मग म्हटलं, "त्या दिवशी याचं उत्तर आपल्या सगळ्यांपेक्षा खोल होतं. मी हसले, ते चुकलं माझं." तो मान खाली घालून पाटीची कड नखाने खरवडत होता. वर्ग अगदी गप्प होता.

एक मुलगी म्हणाली, "पण बाई, आजीच्या पाठीला बाक आलाय म्हणतात, ते पण पोर्तुगिजांचं?" किती छान प्रश्न! नाही, तो बाक वेगळा. तो संस्कृत 'वक्र'वरून आला, 'वाकडा' हा त्याचाच भाऊ. उच्चार एक, पण घराणी दोन. 'पान'चं मात्र उलट आहे. झाडाचं पान, पुस्तकाचं पान, विड्याचं पान, हे सगळे अर्थ एकाच 'पर्ण'ला फुटलेल्या फांद्या. म्हणजे इंग्रजीलाच खोड्या येतात असं नाही, आपली मराठीही काही कमी नाही!

तास संपत आला आणि खिडकीपाशी हात वर झाला. पूर्ण नाही, खांद्यापर्यंतच.

"बाई, मग बेंच? तो बी ह्यांच्यातलाच का?"

मी थक्क झाले. होय, 'बेंच'ही त्याच घराण्यातला! शब्दकोशात मी तो वाचला होता, पण सांगायचा राहून गेला होता. त्याने तो नुसत्या कानाने ओळखला.

त्याच्या वडिलांना पुढे कर्ज मिळालं. पेरणीला मात्र थोडा उशीरच झाला. मुलगा आता सातवीत आहे. त्याच्याकडे स्वतःचा शब्दकोश आहे, आणि त्याची पानं माझ्या शब्दकोशापेक्षा जास्त मळलेली आहेत.

आणि मी? आता वर्गात कुणी काही विचित्र उत्तर दिलं, की हसण्याआधी मी एकच प्रश्न विचारते, "तुला असं का वाटलं रे?"