झाड तोडायला किती घेतात?

पावसाळा जवळ आला की मला हा फोन हमखास येतो. "भाऊ, दारातलं झाड काढायचंय, कोणी ओळखीचा आहे का? किती घेतात?" पत्रकाराच्या सगळीकडे ओळखी असतात असा लोकांचा समज आहे, आणि पडघ्यासारख्या गावात तो अगदीच खोटा नाही. म्हणून यंदा सगळ्यांना एकदाच उत्तर लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी एक मागणी आहे.

आधी पैशाचं. झाडाला ठरलेला भाव नसतो, ते कुठे उभं आहे त्यावर भाव ठरतो. शेताच्या बांधावरचं मोठं झाड असेल तर व्यापारी उलट तुम्हालाच पैसे देऊन जातो. लाकूड वखारीत जातं, वीटभट्टीवर जातं, भिवंडीत सायझिंगच्या बॉयलरला जातं. तेच झाड कौलांवर झुकलेलं असेल, खालून विजेची तार गेली असेल, तर लाकूड तो नेतोच आणि वर पैसेही घेतो. यात फसवणूक नाही. बांधावरचं झाड पाडायचं असतं, घरावरचं उतरवायचं असतं. दोन्ही कामं वेगळी आहेत.

पाडताना ज्या बाजूला झाड पडायला हवं तिकडे बुंध्याला खाच घेतात, मग मागच्या बाजूने करवत चालवतात आणि बाजूला होतात. उतरवताना माणसाला वर चढावं लागतं. आधी बारीक फांद्या, मग जाड, मग शेंड्याकडून खोडाचे एकेक ओंडके. प्रत्येक ओंडका कापण्याआधी दोराने बांधायचा, दोराला दुसऱ्या बुंध्याचा वेढा द्यायचा आणि खालच्यांनी तो हळूहळू सोडायचा. ओलं लाकूड जवळजवळ पाण्याइतकं जड असतं. दीड फूट जाडीचा, तीन फूट लांबीचा ओंडका म्हणजे सव्वाशे ते दीडशे किलो. तो सुटला तर कौलं, भिंत, तार, खालचा माणूस, काहीच शिल्लक राहत नाही.

आता खरे आकडे. माझ्या आत्याच्या घरामागे जुना आंबा आहे. आता 'होता' म्हणायला हवं. बुंधा पोकळ झालेला, झाड घराकडे कललेलं. गेल्या पावसात एक फांदी मोडून पडवीवर आली. आत्या सत्तरीची. मुलगा गोदामात सुपरवायझर, त्याच्या पगारावर घर चालतं. फेब्रुवारीत तिने मला भाव काढायला सांगितले. तीन जणांना झाड दाखवलं.

पहिला म्हणाला, साडेचार हजार, लाकूड माझं, एका दिवसात मोकळं. दुसरा म्हणाला तेरा हजार, दोन दिवस, पाच माणसं. तिसऱ्याने हायड्रा लागेल म्हणून सव्वीस हजार सांगितले. पण आमच्या गल्लीत हायड्रा वळतच नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

साडेचार आणि तेरा. एकच झाड, एकच लाकूड. मग साडेआठ हजारांचा फरक कशाचा? दोघांनाही मी तोच प्रश्न विचारला, "वर कोण चढणार आणि त्याला बांधणार कशाने?"

दुसऱ्याने जाडे दोर दाखवले, कमरेचा पट्टा दाखवला, हेल्मेट दाखवलं. करवतीने चुकून दोर कापला गेला तर धरायला दुसरा पट्टा असतो, तोही दाखवला. तारेजवळ काम सुरू करण्याआधी वायरमनला सांगून लाइन बंद करून घ्यायची, हे त्याने मी न विचारता सांगितलं. पहिला हसला. "भाऊ, आमचा पोरगा माकडासारखा चढतो. त्याला काय बांधायचं?"

तो 'पोरगा' नंतर मला बाजारात भेटला. पस्तिशीचा असेल. जवळच्याच पाड्यावरचा कातकरी, जमीन नाही. पावसाळ्याआधी झाडं, दिवाळीनंतर वीटभट्टी. झाडावर चढायचे दिवसाला हजार रुपये मिळतात. त्याचा मोठा भाऊ चार वर्षांपूर्वी चिंचेवरून पडला. मणका गेला, तेव्हापासून अंथरुणावर आहे. ठेकेदाराने दवाखान्यात पाच हजार दिले आणि त्यानंतर फोन उचलला नाही. मी विचारलं, तरी तू दोर बांधत नाहीस? तो म्हणाला, "दोर बांधला का टाइम जातो. टाइम गेला का शेठ दुसऱ्याला घेऊन येतो. मंग मी काय खाऊ?"

म्हणजे साडेचार हजारांच्या भावात स्वस्ताई करवतीत नाही, टेम्पोत नाही, डिझेलमध्ये तर नाहीच नाही. माणूस बांधायचा वेळ आणि तो पडला तर लागणारा खर्च, एवढंच त्यातून वगळलेलं असतं. तो खर्च नाहीसा होत नाही. पाड्यावरच्या एका घरात जाऊन बसतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

सरकारी योजनांचं बघा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सातबारावर नाव असलेला शेतकरी किंवा त्याच्या घरचा एक जण अपघातात गेला तर २ लाख रुपये मिळतात. उंचावरून पडणंही त्यात धरलेलं आहे. म्हणजे झाडाचा मालक स्वतःच्या झाडावरून पडला तर योजना आहे. त्याच झाडावरून मजूर पडला तर नाही, कारण त्याच्या नावावर सातबारा नाही. त्याच्यासाठी उरते प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला हप्ता २० रुपये, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख. बँकेत खातं हवं, वय १८ ते ७० हवं. तेरा हजारांच्या कामात पाच माणसांचे होतात १०० रुपये. आपण त्याहून जास्त पैसे त्यांच्या चहा-वडापाववर खर्च करतो.

आत्याला मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिला साडेचार हजारसुद्धा जड होते, हे विसरून चालणार नाही. बिनदोराच्या माणसाला बोलावणारे सगळेच निर्दय नसतात, बहुतेकांकडे पैसे नसतात. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "माझ्या दारात तो पडला, तर मी त्याच्या बायकोला काय सांगू रे?" मग शेजारच्यांशी बोललो. त्यांची पत्र्याची शेडही त्याच झाडाखाली होती. त्यांनी पाच हजार घातले. ठेकेदाराने लाकडाचे दीड हजार वजा केले. आत्याच्या वाट्याला साडेसहा आले, ते तिने दोन हप्त्यांत दिले. मार्चमध्ये झाड उतरलं. दोन कौलं फुटली, बाकी काही नाही.

मार्च मुद्दाम सांगतोय. हेच काम जूनमध्ये निघालं असतं तर भाव वाढला असता, खोड निसरडं झालं असतं आणि सगळी घाई झाली असती. पण लोक जूनपर्यंत थांबतात त्याला परवानगीची भीतीही कारण आहे. आपल्याकडे ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागतो. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, ऐन ही झाडं त्याच्या यादीत आहेत. स्वतःच्या जागेतलं असलं तरी आधी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. मात्र झाड मेलेलं असेल, रोगट असेल किंवा त्याच्यापासून जिवाला वा मालमत्तेला धोका असेल तर परवानगी नाकारू नये, असं तोच कायदा सांगतो. त्यामुळे अर्जाला फोटो जोडा, कुठे पोकळ आहे ते लिहा, पोच घ्या आणि हे जानेवारी-फेब्रुवारीतच करा. धडधाकट झाडाला मात्र 'धोकादायक' म्हणून अर्ज करू नका. सावली काही फुकट मिळत नाही, तीस-चाळीस वर्षं वाट बघावी लागते.

अर्जावर बसणाऱ्या कार्यालयांसाठीही एक आठवण. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला रस्त्याने चालणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं आणि त्या गेल्या. ते झाड काढू द्या अशी मागणी आधीच झालेली होती आणि ती नाकारली गेली होती, हे तेव्हा बातम्यांमधून बाहेर आलं.

आता मागणी. केरळात नारळावर चढणारी माणसं मिळेनात तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये तरुणांना सहा दिवसांचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. चढायचं यंत्र दिलं, विमा दिला. तिथे हे एक शिकायचं काम झालं. आपल्याकडे समृद्धी महामार्ग शेजारच्या आमण्याला येऊन थांबला, चारी बाजूंना गोदामं उभी राहिली. गोदामाच्या बांधकामावर हेल्मेटशिवाय गेटमधून आत सोडत नाहीत. त्याच गोदामापासून हाकेच्या अंतरावर माणूस अनवाणी, हातात चालू करवत घेऊन चाळीस फुटांवर उभा असतो आणि आपण खालून मोबाइलवर व्हिडिओ काढतो.

१ मेच्या ग्रामसभेत मी हे चार मुद्दे लेखी देणार आहे. एक, गावातल्या धोकादायक झाडांची यादी दरवर्षी जानेवारीत व्हावी. दोन, दोर, पट्टे, हेल्मेट यांचे दोन संच ग्रामपंचायतीने घ्यावेत आणि कामापुरते वापरायला द्यावेत. तीन, चढणाऱ्या माणसांची नावं नोंदवून त्यांचा २० रुपयांचा विमा भरला जातोय का, ते बघावं. चार, ज्या घराला खरोखर परवडत नाही त्याला ग्रामपंचायतीने हातभार लावावा.

ज्यांना पटतंय त्यांनी ग्रामसभेला या, नुसता अंगठा दाखवू नका. आणि तोवर कोणी झाड काढणार असाल तर भाव जरूर विचारा, घासाघीसही करा. फक्त त्याआधी, वर चढणाऱ्याला कशाने बांधणार, हे विचारा. उत्तर हसण्यावारी नेलं, तर त्याला काम देऊ नका.