जेऊरचा थांबा

लहानपणी सोलापूरहून पुण्याला रेल्वेने जाताना जेऊरची पिवळी पाटी दिसली की अम्मी डबा उघडायची. "जेऊर आलं, आता जेवा," म्हणून स्वतःच हसायची. या गावाशी आमची ओळख एवढीच. गेल्या डिसेंबरात मात्र इथे अख्खा दिवस काढावा लागला, तो आमच्या जुन्या जीपगाडीमुळे.

खाला आजारी होती, तिला भेटायला आम्ही अहिल्यानगरला निघालो होतो. भाईजान गाडी चालवत होते. मागे अब्बा, मी आणि माझी दोन मुलं. टेंभुर्णीपर्यंत पुण्याचा महामार्ग, तिथून उजवीकडे वळलं की कंदर, जेऊर, करमाळा. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी मागे पसरत गेलं. त्यात कितीतरी घरं-शेतं बुडाली. उरलेल्या रानात मात्र ऊस आणि केळी आली. हिवाळ्यात या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रीघ असते. म्हणजे घडीघडी गिअर बदला, घडीघडी क्लच दाबा.

आणि तो क्लचच दगा देऊ लागला. चारच दिवसांपूर्वी शहरातल्या एका गॅरेजमध्ये तो दुरुस्त करून घेतला होता. आता पेडल मऊ लागत होतं. दोन-तीनदा दाबलं तरच गिअर पडे, तोही कुरकुरत. जेऊर जवळ आलं तेव्हा पुढची ट्रॉली अचानक थांबली. भाईजाननी ब्रेक मारला, गाडी जागेवर उभी राहिली; पण क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. अब्बांनी धाकट्याला छातीशी धरलं होतं. दोन मिनिटं कुणीच बोललं नाही.

चार माणसांनी गाडी ढकलत रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या शेडपर्यंत नेली. तिथल्या मिस्त्रींनी आधी हत्याराला हात लावला नाही. विचारलं, "शेवटचं काम कधी केलं, अन् काय केलं?" कधी ते भाईजाननी सांगितलं; काय, ते आम्हाला ठाऊकच नव्हतं.

मिस्त्रींनी क्लचच्या छोट्या डबीचं झाकण उघडलं. आतलं रबर फुगून वाकडं झालं होतं. मग त्यांनी स्टीलच्या पेल्यात पाणी घेतलं आणि डबीतल्या तेलाचे चार थेंब त्यात सोडले. थेंब पाण्यावर तरंगत राहिले, रंगीत तवंग आला. दुसऱ्या पेल्यात त्यांनी नव्या बाटलीतलं ब्रेक ऑइल टाकलं. ते पाण्यात विरघळून गेलं.

"बगा ताई, दोन्हीला आपण ऑइलच म्हणतो. पर ह्ये पाण्यात मिसळतंय, अन् तुमच्यातलं तरंगतंय. कुणीतरी इंजिनाचं ऑइल वतलंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पेडल दाबलं की वरचा मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, ते नळीतून खालच्या सिलिंडरला जातं आणि तो क्लच सोडवतो. तेल दाबलं जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा पोचतो. नळीत हवा राहिली तर ती दाबली जाते, पेडल मऊ लागतं आणि पुन्हा पुन्हा मारावं लागतं. पेडल दाबून धरल्यावर गाडी हळूहळू पुढे सरकू लागली, तर मास्टरचं रबर आतून गळतं आहे असं समजावं. इथलं रबर ब्रेक ऑइलसाठीच बनवलेलं असतं. इंजिन ऑइलने ते फुगतं, अडकतं, आणि पेडल वर येत नाही. अशा वेळी नुसतं तेल बदलून भागत नाही.

त्यानंतर त्यांनी ब्रेकची डबी तपासली. ती स्वच्छ निघाली. "पुष्कळ गाड्यांत क्लच अन् ब्रेकची डबी एकच असती. तुमची तशी असती तर आज मी किल्ली तुमच्या हातात दिली नसती." ते ऐकून माझे हातपाय गार पडले.

रबरी किट आणायला त्यांचा पोरगा मोटारसायकलवर करमाळ्याला गेला. आम्ही लिंबाखाली चादर अंथरली. मिस्त्रींच्या घरून वजूला पाणी आलं. अब्बांनी जोहरची मुसाफिराची कसर नमाज अदा केली. दूर रेल्वे धडधडत गेली. १८६० साली सोलापूरला पोचलेला हा मार्ग. अम्मीचा डबा याच मार्गावर उघडायचा. मुलांना ते सांगितलं आणि आम्हीही डबा उघडला.

किट आल्यावर दोन्ही सिलिंडर सोडवून धुतले, रबरं बदलली, नळीतून नवं तेल सोडून जुनं काढलं. एअर काढायला पेडलवर मला बसवलं. गाडीखालून आवाज येई, "दाबा... धरून ठेवा... सोडा." पारदर्शक नळीतून बाटलीत आधी बुडबुडे आले, मग नुसतं तेल. डबीच्या झाकणावर छापलेलं 'डॉट ३' मिस्त्रींनी बोट ठेवून दाखवलं आणि तेच छापलेली बाटली आमच्या हातात दिली.

निघताना त्यांनी वहीचं पान फाडून लिहिलं: दोन्ही किट बदलली, तेल बदललं, एअर काढली. खाली वेगळी ओळ: रबरी होज बदलायचा राहिला, इथे मिळाला नाही, नगरला गेल्यावर आधी तो बदला. पैसे केल्या कामाचेच घेतले.

आधीच्या गॅरेजला भाईजाननी फोन केला. उत्तर आलं, "ऑइलच तर घातलं होतं." राग आला खरा. पण त्या दिवशी "लवकर द्या, कमीत करा" हा घोशा आम्हीच लावला होता, आणि काय घातलं हे एकदाही विचारलं नव्हतं.

मगरिबच्या सुमारास नगरला पोचलो. खालाला कारण सांगितलं तर ती म्हणाली, "दुसऱ्याच्या लेकरांचा जीव अमानत असतो, त्या मिस्त्रीला ते कळलं." दुसऱ्या दिवशी होज बदलला. तो कागद अजून गाडीच्या खणात आहे. आता कुठेही काम केलं की भाईजान दोन गोष्टी मागतात: रिकामी बाटली, आणि काय राहिलं ते लिहून.