हिरवा कोठून आला?

लिओ लिओनी हा चित्रकार आपल्या दोन नातवंडांना घेऊन न्यूयॉर्कहून आगगाडीने निघाला असता, चुळबुळणाऱ्या मुलांचे मन रमवावे म्हणून त्याने जवळच्या साप्ताहिकाची रंगीत पाने फाडून निळे-पिवळे वाटोळे तुकडे केले आणि त्या तुकड्यांचीच गोष्ट रचली. तीच पुढे १९५९ साली ‘लिटल ब्लू अँड लिटल यलो’ या नावाने पुस्तकरूप पावली. निळा आणि पिवळा हे जिवलग सवंगडी परस्परांस कडकडून भेटताच हिरवे होतात, घरी गेल्यावर जन्मदात्यांनाही त्यांची ओळख पटत नाही, आणि शोकाने ते रडू लागले म्हणजे निळी व पिवळी आसवे गळून दोघे पूर्ववत होतात, एवढेच कथानक. ज्या पुस्तकाचा जन्मच मुलांच्या देखत कागद फाडण्यातून झाला, ते नुसते वाचून दाखवून मिटून ठेवणे हा मला त्या पुस्तकावर अन्याय वाटतो.

चित्रपुस्तकास हस्तकलेची जोड देण्याचा प्रघात अलीकडे शिशुवर्गांतून रूढ झाला आहे. परंतु एका वर्गात एरिक कार्लच्या १९६९ सालच्या सुप्रसिद्ध खादाड सुरवंटाच्या वाचनानंतर भिंतीवर लावलेले, छापील आकृतीत रंग भरून केलेले, एकमेकांची बरहुकूम नक्कल असलेले वीस सुरवंट पाहून माझे मन खिन्न झाले. कार्ल स्वतः पातळ कागद आपल्या हाताने रंगवी, ते वाळवी आणि मग कापून-चिकटवून त्यांची चित्रे करी. मुलांना त्या रीतीची मुभा द्यावयाची सोडून त्यांच्या हाती केवळ तिचा निष्कर्ष ठेवला गेला होता. पुस्तकातील चित्र मुलाने उतरवू नये, ते चित्र ज्या रीतीने घडले ती रीत त्याच्या बोटांना लाभावी, ही माझी श्रद्धा त्या दिवसापासून अधिकच दृढ झाली.

म्हणून एका पावसाळी दुपारी पाच वर्षांच्या नातीला लिओनीची गोष्ट सांगून झाल्यावर मी कणकेची खळ शिजवली आणि रद्दीतील मासिके तिच्यापुढे ठेवली. कात्री मुद्दामच दिली नाही. कारण कात्री आखल्या रेषेचा हुकूम पाळते, तर फाडताना दोन्ही हातांच्या चिमटींना परस्परांशी संगनमत करावे लागते, आणि फाटलेल्या कडेवर कागदाची जी पांढरी कोर उमटते तिच्यामुळे प्रत्येक तुकडा निराळा होतो. तिने निळा तुकडा पिवळ्यावर चिकटवला, क्षणभर निरखून पाहिले आणि विचारले, “आजोबा, हिरवा कुठंय?”

मी निरुत्तर झालो. अनेकदा वाचूनही जो प्रश्न आम्हां दोघांनाही सुचला नव्हता, तो खळीने माखलेल्या हातांनी उपस्थित केला होता. जाड अपारदर्शक कागद आपल्याखालचा रंग झाकून टाकतो, तो त्याच्याशी मिसळत नाही. स्पष्टीकरणाच्या भरीस न पडता मी माळ्यावरून संक्रांतीचे उरलेले पतंगी कागद काढून दिले. तिने तसेच दोन तुकडे फाडले, एकावर एक धरून खिडकीशी नेले, आणि मेघाच्छादित दुपारच्या त्या मंद प्रकाशात, दोन्ही कागदांतून उजेड पार होताच, हिरवा प्रकट झाला. तुकडे हळूहळू दूर सरकवीत ती म्हणाली, “आता ते रडले.”

पुस्तकातील अश्रूंचा अर्थ मी तिला समजावला नव्हता. तो तिच्या बोटांनीच उलगडला होता. सायंकाळी तिने पुस्तक पुन्हा वाचावयास लावले, आणि आईबाप हिरव्याला ओळखत नाहीत त्या पानावर माझा हात धरून थांबवीत अत्यंत गंभीरपणे सांगितले, “त्यांनी त्याला उजेडात धरून बघायचं होतं.”