भिजायचं, पण रात्री नाही

प्रिय बायो,

तुझं पत्र काल आलं. पुढच्या आषाढात तू येतेयस आणि आपण अलिबागहून रत्नागिरीपर्यंत समुद्राकाठाने सायकलवर जायचं, हे वाचून मला इतका आनंद झाला की लगेच लिहायला बसले. मी यंदाच त्या रस्त्याने जाऊन आलेय, त्यामुळे सगळं ताजं आहे.

‘पाऊस मला काही नवा नाही’ असं तू लिहितेस. पण अगं, तुझ्या डब्लिनला अख्ख्या वर्षात साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीला तीन हजारांच्या वर, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. तेव्हा कोरडं राहायचा विचार आधी सोडून दे. तुझं ते महागाचं जॅकेट घालून चढ चढलीस तर आतून घामाने भिजशील, एवढाच फरक. हवा उबदार असते, पाय चालत असतात, तोवर ओल्या अंगाला थंडी वाजत नाही. थंडी वाजते ती थांबल्यावर. जॅकेट आण, पण ते फेरीबोटीवर घालायला.

फेरी मात्र सारखी लागते. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. या वाटेचं सगळं गणितच खाड्यांवर आहे. सड्यावरून सुसाट खाली यायचं, खाडी ओलांडायची, की लगेच समोर उभा चढ. घाट लांबलचक नसतात, पण दिवसातून इतक्यांदा येतात की मांड्या भरून येतात. वारा जोराचा असला तर बोट सुटत नाही. धक्क्यावरच्या शेडमध्ये चहा घेत बसायचं. तिथे घाई करून काही होत नाही, आणि मला तर ते बसणंही आवडलं. खाडी त्या दिवसांत गढूळ, तांबूस असते आणि पलीकडचा काठ सरीमागे जातो-येतो.

चढापेक्षा मला काळजी उताराची वाटते. जांभ्याचा लाल चिखल टायरवरून उडून रिमवर बसतो आणि ब्रेक दाबला की रबर आणि रिम दोन्हींना पॉलिश पेपरसारखा घासतो. रिमवरून करडं-काळं पाणी ओघळताना दिसतं ना, ते आपलं ब्रेकपॅडच वाहून जात असतं. एरवी कित्येक महिने चालणारे पॅड पावसात काही दिवसांत संपतात. शिवाय ओल्या रिमवर ब्रेक पहिल्यांदा दाबला की नुसतं पाणी पुसलं जातं, पकड मागाहून येते. म्हणून वळणाच्या बऱ्याच आधीपासून हलकेच दाबत राहायचं. झाडांखालच्या रस्त्यावर शेवाळ असतं, तिथे हँडल वळवूच नकोस. ओल्या रबरात काचेचा तुकडा सहज घुसतो, म्हणून पंक्चरही जास्त होतात. त्यात भर पावसात ट्यूबवर पॅच धरत नाही. सरळ दुसरी ट्यूब घालायची. मुक्कामी पोचलं की आधी चेन पुसून तेल, मग आपली आंघोळ. हा क्रम चुकवायचा नाही, रात्रीत गंज चढतो.

आता खरं सांगायचं ते. या प्रवासात माणूस थकतं ते दिवसा भिजून नाही, रात्री ओलं राहून. एक जोड कपडे आणि मोजे दोन-दोन पिशव्यांत बांधून ठेवायचे आणि वाटेत काहीही झालं तरी त्यांना हात लावायचा नाही. रात्री ते घालायचे. सकाळी कितीही जिवावर आलं तरी काढून परत तसेच बांधायचे आणि कालचे ओले, गार कपडे अंगावर चढवायचे. ती दोन मिनिटं खरंच नको वाटतात. पहिला चढ लागला की विसरायला होतं. पायांचंही तेच. दिवसभर पाण्यात राहून तळवे पांढरेफटक होतात, सुरकुततात, म्हणून बुटांपेक्षा सँडल बऱ्या. आणि रात्री बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या कर. जांघांना सकाळीच खोबरेल लाव, घासलं जाण्याआधी.

गुहागरात ज्या घरी उतरले होते तिथल्या आजींनी दारातच विचारलं, “अगो, पाऊस काय पळून चालला होता, एवढ्यात निघालीस ती?” आणि बोलता बोलता माझे मोजे चुलीच्या वैलाशी नेऊन टाकले. मग कुळथाची पिठी, भात आणि टाकळ्याची भाजी. बायो, हॉटेलं बरीच बंद असतात, पण असं जेवण मला हिवाळ्यातल्या फेरीत कधी मिळालं नाही. मासळीची फार आशा धरू नकोस. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, हर्णैला होड्या शाकारून ठेवलेल्या दिसतील. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची लावणी चाललेली असते, आणि तो हिरवा रंग बघायला तरी तू आषाढातच यायला हवंस.

तुझी सायकल रिमब्रेकची की डिस्कची, आणि चाकाचा आकार काय, तेवढं आधी कळव. इथे पॅड मिळाले नाहीत तर तिथूनच दोन जोड आणावे लागतील. गुहागरच्या आजींना मी आताच सांगून ठेवते.

तुझीच,
मी