बाहेर पडायचं बटण

नवं सॉफ्टवेअर हाती आलं की लोक त्यात काय काय करता येतं ते बघतात. मी आधी त्यातून बाहेर कसं पडता येईल ते बघतो. नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या छोट्या कारखान्यांना स्टॉक, बिलं, ड्रॉइंग सांभाळणारी सॉफ्टवेअरं निवडून बसवून देणं हा माझा धंदा. त्यामुळे डेमो द्यायला येणारी तरुण मंडळी माझ्यावर जरा कावलेलीच असतात. रंगीबेरंगी डॅशबोर्ड दाखवून झाला की मी विचारतो, "उद्या आपलं पटलं नाही, तर आमचा डेटा कुठल्या फाइलीत देणार?" "सर, तशी वेळच येणार नाही," असं उत्तर आलं की मी चहा मागवतो आणि विषय बदलतो.

ही खोड मला मशीनशॉपमध्ये लागली. सीएनसी मशीनचा प्रोग्रॅम म्हणजे साध्या मजकुराची फाइल. जी झिरो झिरो आलं की टूल झपकन जागेवर जातं, जी झिरो वनला ठरलेल्या फीडने सरळ कापत जातं, एम झिरो थ्रीला स्पिंडल फिरू लागतो आणि एम थर्टीला काम संपतं. जुना ऑपरेटर मशीन चालू न करताच, नुसतं वाचून सांगतो की या ओळीला टूल जॉबवर आदळणार. जुन्या कंट्रोलरची बॅटरी उतरली की मेमरीतलं सगळं पुसलं जातं, म्हणून शहाणे सुपरवायझर प्रोग्रॅमची प्रत संगणकावर ठेवतात. वीस वर्षांपूर्वीचा जॉब परत आला तरी ती फाइल नोटपॅडमध्ये निमूट उघडते, केबलमधून मशीनमध्ये जाते आणि चिप उडायला लागते. त्याच कारखान्यात तोवर हजेरीची किती सॉफ्टवेअरं आली आणि गेली, हे कुणाच्या लक्षातही नसतं.

मराठीच्या नशिबी मात्र बराच काळ हे सुख नव्हतं. कृतिदेव फॉन्टमध्ये 'मराठी' लिहा आणि मग फॉन्ट बदला. पडद्यावर उरतात इंग्रजी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. फाइलीत मराठी कधी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांना देवनागरीचे कपडे घातले होते. त्या फॉन्टांना मी नावं ठेवणार नाही. लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं त्या पिढीच्या फॉन्टांनी छापून दिलं. युनिकोडच्या 1991 सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, तरी डीटीपीवाले पुढे कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टांना धरून राहिले. त्यात हट्टापेक्षा नाइलाज जास्त होता, कारण ज्या पेजमेकरवर त्यांचं पोट चालायचं, त्याला युनिकोड कळतच नव्हतं. पण आज त्या काळातली एखादी स्मरणिका शोधायची म्हटली, तर फाइल सापडते आणि तिच्यातला शब्द सापडत नाही. छापलेली प्रत कपाटात असेल तर नशीब.

ऑनलाइन सेवांकडेही मी याच फुटपट्टीने बघतो. गूगल रीडर 1 जुलै 2013 ला बंद झालं तेव्हा मी चिडलो होतो, पण माझी फीडची यादी बाहेर काढता आली आणि त्याच दिवशी दुसऱ्या रीडरमध्ये गेली. आरएसएस हे फीडचं तंत्र कुणा एकाच्या मालकीचं नसल्यामुळे दुकान बंद झालं तरी माल मिळत राहिला. ऑर्कुट 30 सप्टेंबर 2014 ला गेलं. तिथल्या मित्रांची यादी घेऊन जाता येईल असं दुसरं ठिकाणच नव्हतं. व्हॉट्सॲपवर तर आता अर्धी अंबड एमआयडीसी चालते. ड्रॉइंगची शेवटची रिव्हिजन कोणती, हे 'गुड मॉर्निंग'च्या फुलांमधून अंगठ्याने शोधणारा सुपरवायझर बघितला की मला त्याची दया येते. गप्पांसाठी ते उत्तमच, फाइलिंगच्या कपाटाचं काम त्याला कुणी सांगितलं?

क्लाउडबद्दल माझी फारशी तक्रार नाही. नाशिककराला क्लाउड आभाळात असतो असं वाटायचं कारणही नाही. ईएसडीएस कंपनीचं डेटा सेंटर सातपूरलाच आहे. अट एवढीच, की तिथे ठेवलेलं हवं तेव्हा बाहेर काढता यावं.

छंद निवडतानाही हीच अट घालावी का, असं बायको विचारते. मी घालतो. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला गेलो, की खाणगाव थडीच्या काठावरून वारकरी, जांभळ्या पाणकोंबड्या, तलवार बदकं मोजून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर नोंदवतो. 2020 साली हे पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून रविवारी गर्दी वाढलीय, आणि दुर्बिणीपेक्षा सेल्फी स्टिक जास्त दिसतात. ईबर्ड 2002 पासून चालू आहे आणि माझ्या सगळ्या नोंदी मला साध्या तक्त्याच्या फाइलीत परत देतं. उद्या ते बंद पडलं तरी माझे वारकरी माझ्याकडे राहतील.

ओपनस्ट्रीटमॅप त्याहून मोकळं. तिथे अख्ख्या पृथ्वीचा नकाशा कुणालाही उतरवून घेता येतो. 2027 चा सिंहस्थ जवळ येतोय म्हणून मी सध्या पंचवटीतले बोळ आणि रामकुंडाकडे उतरणाऱ्या पायऱ्या भरतोय. सरदार चौकाजवळच्या एका बोळाला मी पायवाट म्हटलं, तर कुणीतरी ते खोडून 'दुचाकी जाते' असं केलं. मी जाऊन बघितलं. दुचाकी जाते, पण समोरून दुसरी आली तर दोघांपैकी एकाला ढकलत मागे यावं लागतं आणि मागे यायचं कुणी, यावर दोघांचं एकमत व्हावं लागतं. याला काय टॅग लावायचा, यावर त्या अनोळखी माणसाशी माझी अजून लिखापढी चालू आहे.